घरटी एक माणूस

माझ्या पगारातून पैसे कापले जायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, असं सांगितलं की आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसतात. पैसे कापले म्हणून कोणी खूश होतं का? मी व्हायचे. पण ते नंतर. पहिल्या पगाराला मात्र मी भांडायलाच गेले होते.

ठाण्याच्या खाडीकाठी पावण्याला औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला लागले, ते सत्तरचं दशक संपता संपता. लग्न होऊन मी पावण्यातच दिल्या घरी आलेली. सासू-सासरे आधीच गेलेले, नवरा खाडीत होडी घालायचा. पहिल्या पगाराचं पाकीट हातात आलं, वरचा आकडा आणि आतल्या नोटा यांचा मेळ काही बसेना. टेबलावरच्या पोरी म्हणाल्या, "अगं, ते इन्शुरन्सचं. सगळ्यांचंच जातं. गंगार्पण समज." माझं डोकं फिरलं. दिवसभर उभी राहून पायांचे खांब झाले, ते काय गंगेत सोडायला? तशीच टाइम ऑफिसात गेले.

तिथला बाबू बशीत चहा ओतून पीत होता. त्याने न बघताच सांगितलं, की थोडे माझ्या पगारातले, त्याहून जास्त कंपनीचे, असे दोन्ही सरकारी कामगार विम्यात जातात. मी आजारी पडले तर औषधपाणी, बाळंतीण झाले तर घरी बसून पगार, आणि घरच्यांनाही दवाखाना.

"घरच्यांना म्हणजे कोणाला?" मी विचारलं.

"नवरा, पोरं. आणि अवलंबून असतील तर आईबाप."

"सासू-सासरे ना?"

त्याने बशी खाली ठेवली. "आईबाप म्हटलं ना बाई. तुझे."

तुझे. मी तिथून निघाले ती हवेतच. लग्न झालेल्या पोरीला तिच्या आईबापाबद्दल त्या काळात कोण विचारत होतं? माहेर म्हणजे दिवाळीला जायचं, ओटी भरून घ्यायची आणि परत यायचं. माझ्या आईबापाला तर मुलगा नव्हता. मी एकटी, तीही दुसऱ्याच्या घरी दिलेली. आणि इथे सरकार म्हणत होतं की तुझे आईबाप तुझे आहेत, तू कमावतेस तर त्यांचा दवाखाना तुझ्यामुळे. त्या दिवसापासून पगारातून कापलेला पैसा मला कधी टोचला नाही.

माझं माहेर उरणकडचं, द्रोणागिरीच्या पायथ्याचं. बाबा मिठागरावर राबले. उन्हात मिठाच्या राशी अशा चमकतात की नव्या माणसाला तिकडे डोळे उघडून बघवत नाही. बाबा जन्मभर ते बघत होते. मिठागराच्या आतल्या अंगाला, जरा उंचावर, आमचा भाताचा एक तुकडा होता, तो नव्या शहरासाठी सरकारने घेतला. मिळालेले पैसे घराच्या कौलांत आणि माझ्या लग्नात संपले. पुढे त्यांचं मिठागरही बंद झालं. बाबा घरी बसले, आणि बसल्याबसल्या त्यांची नजर गेली.

एकदम नाही गेली. आधी ते सुईत दोरा ओवायला आईकडे देऊ लागले. मग जाळ्यातली भोकं हाताने चाचपू लागले. एकदा मी माहेरी गेले होते, तर एसटीच्या थांब्यावर त्यांनी खांबाला विचारलं, "कवा आलास रे?" गाव हसलं, तेही हसले. म्हणाले, "खांब बरा, उसनं मागत नाय." मी हसले नाही.

मी त्यांना ओढून पनवेलला एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं. मोतीबिंदू दोन्हीकडे. उजवा फार पिकलाय, असाच ठेवला तर आत फुटेल आणि डोळा कायमचा जाईल, डावाही त्याच वाटेवर आहे. ऑपरेशन करा, पावसाळ्याच्या आत करा. खाजगीत काय लागेल ते त्याने सांगितलं आणि बाबा तिथूनच उठले. बाहेर येऊन म्हणाले, "एवढ्यात तं नवी होडी येल."

मी मनातल्या मनात म्हणत होते, बाबा, थांबा. तुमची पोर काय चीज आहे ते तुम्हाला दाखवते.

मी सगळी धावपळ केली. रजा टाकून, टाइम ऑफिसच्या बाबूच्या डोक्यावर बसून माझ्या विम्याच्या कार्डावर आईबाबांची नावं चढवून घेतली. विम्याच्या इस्पितळात जाऊन विचारून आले. ऑपरेशनला पैसे नाहीत, खाटेला नाहीत, दोन वेळचं जेवणही मिळतं. फक्त बाबा माझ्यावर अवलंबून आहेत अशी गावच्या सरपंचाची चिठ्ठी हवी होती. एवढं झालं की बाबांनी नुसतं यायचं.

बाबा म्हणाले, "मना नको तुजा इमा."

मी समजावलं. परत समजावलं. "हे फुकटचं नाही बाबा, माझ्या पगारातून जातं," म्हटलं.

"म्हनूनच नको."

"अहो, कंपनी पण भरते."

"कंपनी तुजेसाठी भरते. मिठागरवाला माजेसाठी भरता तं मी घेतला असता."

आणि उठून अंगणात जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. गावात लगेच बातमी फिरली. जो तो बाबांच्या बाजूने. लेकीच्या घरचं बापाने पाणी पिऊ नये, तिला मूल होईपर्यंत तर तिच्या घरी जेवूही नये, ही आमच्याकडची रीत. मी तेव्हा पोटुशी होते, म्हणजे बाबांनी माझ्या घरचं अन्न अजून खाल्लंच नव्हतं. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "बापूस मानी हाय गो तुजा. पोरीवर अवलंबून हाय असा लिवून कसा देल?" मी म्हटलं, मान घेऊन काय करायचाय, डोळ्यांत घालायचाय? तोंडाला माझ्या तेव्हाही लगाम नव्हता.

पण खरं सांगायचं तर राग फक्त तेवढ्याचा नव्हता. जुनं काहीतरी सलत होतं.

आमच्या गावाला समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध होता. मोठ्या उधाणाला कधी कधी तो फुटायचा. फुटला की एक तास वाया घालवून चालत नसे, खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची पिकं गेली. म्हणून रीत होती, घरटी एक माणूस. दवंडी झाली की प्रत्येक घरातून एक माणूस टोपली-फावडं घेऊन बांधावर. ज्याचं शेत फुटलेल्या जागेसमोर आहे तोही, ज्याचं लांब उंचावर आहे तोही, आणि ज्याला शेतच नाही तोही. मजुरी नाही, हिशेब नाही. आज तुझ्यासमोर फुटला, उद्या माझ्यासमोर फुटेल. संध्याकाळी काम उरकलं की एक जाणता माणूस उभा राहून घरांची नावं घ्यायचा, कोण आलं, कोण नाही. न येणाऱ्याला दंड असायचा. पण दंडापेक्षा माणसं त्या नाव घेण्याला भ्यायची.

मी अंगाने भरले होते, लग्नाचं बोलणं सुरू व्हायच्या बेतात होतं, तेव्हाची गोष्ट. बांध फुटला आणि बाबा हिवतापाने फणफणलेले. आई म्हणाली, राहू दे, कळवू. मी ऐकते कसली. टोपली उचलली आणि गेले. दिवसभर चिखल वाहिला. कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहून पुरुषांच्या हाताला टोपल्या दिल्या. खांदा सोलून निघाला. संध्याकाळी नावं घेतली तेव्हा आमच्या घरावर तो जाणता थांबला आणि म्हणाला, "यांचा कोनी नाय आला. आजारी हाय, घरात पोरगा नाय. जाऊ द्या, माफ."

मी समोर उभी होते. केसांपासून नखांपर्यंत चिखल. घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं, ते तापातही उठतील, काठी घेऊन जातील आणि म्हणतील, माझी पोर आली होती ती कोण? बाबा काहीच बोलले नाहीत. गोधडी ओढून घेतली आणि भिंतीकडे वळले.

आता कार्डावरून बाबांनी माझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा मला तीच पाठ दिसली. म्हणजे आजही मी कोणीच नाही. घरचं माणूस नाही, परक्या घरी दिलेली पोर. कमावते, कापून देते, धावते, आणि तरी माझं आलेलं मोजायचं नाही. मी पावण्याला परत आले आणि नवऱ्याला सांगितलं, "जाऊ दे त्यांचे डोळे. मी काय पाया पडू?" नवरा शहाणा माणूस. नुसता समोर चहा ठेवला.

महिना गेला. एक दिवस आई आली, एकटीच. पदराखाली सुकट, अंबाडी, मला पाचव्यात काय खावंसं वाटेल ते सगळं बांधून आणलेलं. बसली, पण पाणी नाही घेतलं. मी फणकाऱ्यानेच विचारलं, "कसे आहेत तुमचे मानी महाराज?"

आई म्हणाली, "काल विहिरीकडं जाताना पडला. कठड्याला लागून वाचला."

माझ्या हातातलं काम थांबलं. आई रडत नव्हती. ती साध्या आवाजात बोलत होती, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"उजव्यात आता उजेड पन नाय दिसत बोलतो," ती म्हणाली. "मी रोज बोलते, जा, पोर बोलवते तं जा. तो बोलतो, तिची पयली खेप हाय. तिला लागंल."

"काय लागेल?"

"इमा गो. तो बोलतो, पोरीचे नावावर जेवडा साठलाय तेवडा माजे डोल्यांवर उडवला, नि बालंतपनात तिचा काय अडला-नडला, तं मंग तिना काय करावा? आदी तिचा होउंदे सुखरूप. उरला तं बघू."

अरे देवा. हा माणूस लेकीचं घ्यायला लाजत नव्हता. हा माणूस माझं राखत होता. त्याला वाटत होतं विमा म्हणजे भाताची कणगी. पोरीने मूठमूठ टाकून भरलेली, त्यातून म्हाताऱ्याने खाल्लं की पोरीला तेवढं कमी. आणि कणगीतलं बी कोणी खातं का? म्हणून तो विहिरीच्या कठड्याला धडकत आंधळा होत होता. मी बाबूकडून सगळं शिकून आले होते, कोण किती भरतं, कोणाला काय मिळतं. पण वापरलं तर संपत नाही, एवढी एक गोष्ट सांगायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि बाबाही एवढे गुणाचे, की विचारतील तर शपथ.

दुसऱ्याच दिवशी मी माहेरी गेले. पोट सांभाळत, एसटीचे धक्के खात. बाबा अंगणात बसले होते. पावलांवरून ओळखलं त्यांनी मला.

मी म्हटलं, "बाबा, विमा म्हणजे कणगी नाही."

त्यांनी सरकून मला बसायला जागा दिली.

"बांध आहे. आपल्या गावचा बांध आहे तसा. मी एकटी नाही भरत. त्या पट्ट्यात जेवढ्या कंपन्या आहेत, त्यातला प्रत्येक कामगार महिन्याला एकेक टोपली टाकतो. ज्याच्यासमोर फुटला त्याच्याकडे सगळ्यांची माती जाते. आज तुमच्यासमोर फुटलाय. उद्या माझ्यासमोर फुटला तर परत सगळे येणार. तुमच्यासमोर बांधला म्हणून माझ्यासमोर बांधायचा नाही, असं कधी झालंय गावात?"

बाबांनी मान थोडी वर केली. मग विचारलं, "नि ज्याचा कंदीच फुटत नाय, तो कला टाकल माती?"

"तुम्ही कशाला जात होता? आपला तुकडा तर उंचावर होता."

ते गालात हसले. मग त्यांनी मला असे प्रश्न विचारले की टाइम ऑफिसचा बाबू असता तर पळाला असता. सगळे एकदम आजारी पडले तर? मी म्हटलं, सगळीकडे एकदम फुटला तर गावही बुडतंच, त्याला इलाज नाही. तुजी नोकरी सुटली तर? मी म्हटलं, टोपली थांबली की थोड्या दिवसांनी हक्कही थांबतो, म्हणूनच आत्ता चला. मग त्यांनी खरा व्यवहारी प्रश्न टाकला. "फुकट फुकट बोलतेस. फुकट काय नसतो. खरा सांग, आपले पदरचा काय जानार?"

तेव्हा मी खोटं बोलले नाही. सांगितलं, जाईल. ऑपरेशन, खाट, गोळ्या, पट्ट्या यांचं काही नाही. पण नंतर जाड भिंगाचा चष्मा लागेल, तो आपला आपण. आईचं येणं-जाणं आपलं. मी रजा घेईन तेवढी माझी मजुरी बुडेल, कारण मी आजारी पडले तर पगार मिळतो, बाप आजारी पडला तर नाही. आणि सरपंचासमोर तुम्हाला सांगावं लागेल की तुम्ही पोरीवर अवलंबून आहात. ते तुम्हाला सगळ्यात महाग पडेल.

"मंग इस्पितलातून कुटं जानार मी?"

"माझ्याकडे. आठ-पंधरा दिवस. माझ्या हातचं जेवावं लागेल. मूल व्हायच्या आधी."

बाबांनी थोडा विचार केला. "जेवन मी आईचे हातचा जेवन," ते म्हणाले. "चूल तुजी, तांदूल माजा." मी म्हटलं, चालेल, महाराज. सरपंचाकडे ते स्वतःच्या पायांनी गेले, आईच्या खांद्यावर हात ठेवून. तिथे काय बोलले ते मला आईनेही कधी सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, ह्यात फार आशा ठेवू नका, पण डावा आम्ही सोडणार नाही. आणि डावा त्यांनी सोडला नाही, त्याच मुक्कामात तोही केला. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, सकाळी गेलं आणि संध्याकाळी घरी. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही. बाबांसारख्या माणसाला उताणं पाडून ठेवणं म्हणजे शिक्षा. पण पडून राहिले.

मी शिफ्ट सुटली की जायचे. पुरुषांचा वॉर्ड होता. सगळे म्हातारे कोणाच्या ना कोणाच्या कार्डावर आलेले, आणि पट्टी बांधलेली असली तरी तोंडं मोकळी. मग काय, दिवसभर पोरांची प्रौढी. एकाचा मुलगा केमिकल कंपनीत फिटर. दुसऱ्याचा सुपरवायझर, साहेब त्याला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही. मराठवाड्यातून आलेले एक आजोबा होते, त्यांचा मुलगा ठाण्याच्या कापडगिरणीत. "पोरगा हाय म्हणून डोळा हाय," असं ते दिवसातून कितीदा म्हणायचे.

पट्टी काढायच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. सातवा महिना, पाय सुजलेले, अंगाला गोळ्यांच्या पावडरीचा वास. त्या आजोबांनी पलीकडून हाक मारली, "अहो उरणवाले, तुमचा मुलगा नाही दिसला एवढ्या दिवसांत. कोणत्या कंपनीत हाय?"

मी तोंड उघडणार होते. सवयीने. सांगणार होते की त्यांना मुलगा नाही, मी मुलगी आहे, कार्ड माझं आहे. तेवढ्यात बाबांचा हात खाटेवरून चाचपत आला आणि माझ्या मनगटावर येऊन थांबला. त्या हाताला अजून मिठाचे जुने चरे होते.

"पोरगा नाय मना," बाबा म्हणाले. आवाज मोठा होता. पट्टी बांधलेल्या माणसाला समोरचा किती लांब आहे ते कळत नाही, म्हणून असेल. सगळा वॉर्ड ऐकत होता.

"आमचेकडं घरटी एक मानूस जातो बांधावर. माजे घरचा मानूस ही. तवा पन हीच आलेली. माजे तोंडान बोलायचा रायला होता."